जीपला विजेचा पंखा: लाभ किती, जोखीम किती?

घाट चढून आलेली जुनी जीप रस्त्याच्या कडेला उभी आहे, बॉनेट उघडलेले आहे आणि चालक डब्यातून पाणी आणण्यासाठी झऱ्याकडे निघाला आहे, हे दृश्य महाराष्ट्राला नवे नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली आणि तेव्हापासून पोलिस ठाणी, वनखाते, पाटबंधारे, शेती आणि खेड्यापाड्यांतले वडाप या सर्व ठिकाणी ही चारही चाकांना ताकद देणारी (किंवा तिची दोनच चाके चालवणारी बहीण) गाडी पोहोचली. त्यांपैकी अनेक गाड्या आजही धावतात. अशा जुन्या गाडीचा मालक गॅरेजमध्ये हटकून एक प्रश्न विचारतो : “इंजिनावरचा पंखा काढून विजेचा पंखा बसवला तर गाडी तापायची थांबेल का? डिझेल वाचेल का?”

प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधताना उष्णता, दाब, हवेचा प्रवाह, विद्युतधारा आणि स्वयंनियंत्रण असे भौतिकशास्त्राचे पाच-सहा धडे एकाच बॉनेटखाली सापडतात. म्हणून हा प्रश्न आपण शांतपणे, हिशेब मांडून सोडवू या. आकडे सोपे घेऊ. प्रत्येक गाडीला ते तंतोतंत लागू पडणार नाहीत. पण कोणती गोष्ट मोठी आणि कोणती किरकोळ हे त्यांवरून नक्की कळेल.

घाटात किती उष्णता निर्माण होते?

समजा, माणसे आणि सामान धरून जीपचे वस्तुमान २००० किलोग्रॅम आहे. ती सहा किलोमीटर लांबीच्या घाटात ५०० मीटर उंची चढते. खोपोलीहून खंडाळ्याला जाताना साधारण एवढीच उंची गाठावी लागते. यासाठी लागणारी ऊर्जा म्हणजे वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार : २००० × १० × ५०० = १ कोटी जूल. गाडीने हा घाट २० मिनिटांत, म्हणजे १२०० सेकंदांत चढला, तर नुसत्या चढासाठी सुमारे ८.३ किलोवॅट शक्ती लागली. चाकांचा रस्त्याशी होणारा विरोध सुमारे २ किलोवॅट खातो आणि गिअरपेट्यांतही काही शक्ती वाया जाते. तेव्हा इंजिनाला सुमारे १२ किलोवॅट द्यावे लागतात असे धरू.

इंधनातील ऊर्जेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा कामी येतो, दुसरा धुराड्यातून जातो आणि तिसरा इंजिनाच्या भिंतींमधून थंड करणाऱ्या पाण्यात उतरतो. म्हणजे इंजिन १२ किलोवॅटचे काम करते तेव्हा जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्याला मिळते. पाणी तापवायचे दीड किलोवॅटचे आठ हीटर रेडिएटरमध्ये एकदम सोडावेत, तशी ही स्थिती आहे.

ही उष्णता बाहेर गेली नाही तर काय होईल? इंजिन आणि रेडिएटर यांत मिळून १० लिटर पाणी आहे. त्याचे तापमान एक अंशाने वाढवायला ४२ किलोजूल लागतात. इंजिनाचे १५० किलोग्रॅम लोखंडही सोबत तापते. त्याला अंशामागे सुमारे ६९ किलोजूल लागतात. एकूण १११ किलोजूल. दर सेकंदाला १२ किलोजूल येत असतील तर तापमान सुमारे सव्वानऊ सेकंदांत एक अंश चढेल. ८५ अंशांवरून १०० अंशांवर जायला सव्वादोन मिनिटेसुद्धा पुरे! पंखा बंद पडल्याचे चालकाच्या ध्यानात येईपर्यंत किती थोडा अवधी हाती असतो, हे यावरून दिसते. त्यानंतर सिलिंडर हेड वाकणे, गॅस्केट जळणे, पिस्टन अडकणे ही संकटे ओढवतात. अवघड वळणावर माणसांनी भरलेली गाडी बंद पडणे हे तर त्याहून वाईट.

उष्णता हवेत कशी जाते?

पाणी ही उष्णता रेडिएटरपर्यंत आणते. तिथून ती हवेनेच न्यायची असते. आत येणारी हवा ३५ अंशांची आणि बाहेर पडणारी ६० अंशांची असेल, तर प्रत्येक किलोग्रॅम हवा २५ किलोजूल उष्णता नेते. १२ किलोवॅटसाठी दर सेकंदाला ०.४८ किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ०.४४ घनमीटर हवा लागेल. तासाचा हिशेब केला तर जवळजवळ १६०० घनमीटर!

गाडी वेगात असते तेव्हा ही हवा आपोआप मिळते. रेडिएटरचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर आहे आणि समोरून येणाऱ्या हवेचा वेग जाळीतून जाताना एकतृतीयांश उरतो असे धरा. ताशी ६० किलोमीटर वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटरला, रेडिएटरमधून १.१ घनमीटर हवा जाईल. ही गरजेच्या अडीचपट आहे. सपाट महामार्गावर म्हणूनच पंख्याची गरज जवळजवळ नसते. पण आपल्या घाटातला वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर आहे. तेव्हा मिळणारी हवा ०.३३ घनमीटर. तूट पंख्याने भरून काढायची.

यात आणखी एक मेख आहे. कोकणातून देशावर येताना गाडी साधारणपणे पूर्वेकडे चढत असते आणि उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेकडून, म्हणजे गाडीच्या पाठीमागून वाहत असतो. त्याचा वेगही सेकंदाला ५ मीटर असला तर गाडीच्या दृष्टीने हवा स्थिरच झाली! मग समोरून येणारी हवा शून्य, आणि सगळा भार पंख्यावर. सायकलवर पाठवारा असताना घाम जास्त का येतो, याचेही कारण हेच. तेव्हा पंखा निवडताना सरासरी प्रसंग नव्हे, तर हा सर्वांत अवघड प्रसंग डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे.

इंजिनाला बांधलेला पंखा

जुन्या जीपमध्ये पंखा पट्ट्याने, म्हणजे फॅन बेल्टने इंजिनाला जोडलेला असतो. तोच पट्टा बहुधा पाण्याचा पंप आणि डायनामो किंवा अल्टरनेटरही फिरवतो. रचना अत्यंत साधी असून तिला बटण नाही, तार नाही, फ्यूज नाही. इंजिन फिरते तोवर पंखा फिरणारच.

पंख्यासंबंधी तीन नियम लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पंख्याच्या फेऱ्या दुप्पट केल्या तर हवेचा प्रवाह दुप्पट होतो. हवेवरचा दाब चौपट होतो. आणि पंखा फिरवायला लागणारी शक्ती मात्र आठपट होते, कारण शक्ती म्हणजे प्रवाह आणि दाब यांचा गुणाकार. याला घनाचा नियम म्हणता येईल. इंजिनाच्या मिनिटाला ७५० फेऱ्या असतानाची हवा आणि शक्ती प्रत्येकी १ मानली तर :

७५० फेऱ्या : हवा १, शक्ती १
१५०० फेऱ्या : हवा २, शक्ती ८
३००० फेऱ्या : हवा ४, शक्ती ६४

३००० फेऱ्यांना पंखा दीड किलोवॅट, म्हणजे सुमारे दोन अश्वशक्ती खात असेल, तर ७५० फेऱ्यांना तो जेमतेम २३ वॅट घेतो. आता उघड होते की महामार्गावर, जेव्हा हवा फुकट मिळते, तेव्हाच हा पंखा सर्वांत जास्त शक्ती खातो. आणि घाट चढून गाडी वाहतुकीच्या कोंडीत उभी राहते, लोखंडात साठलेली उष्णता पाण्यात उतरत असते, तेव्हा इंजिन मंद फिरत असल्यामुळे पंखा नुसता हवा हलवल्यासारखे करतो.

तरीही या पंख्याला नावे ठेवण्यापूर्वी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. चढावर चालक पहिला किंवा दुसरा गिअर टाकतो. गाडी हळू चालली तरी इंजिन २००० ते ३००० फेऱ्या घेत असते. चिखलात, नांगरटीत किंवा खडकाळ वाटेवर फोर-व्हीलचा खालचा गिअर टाकला तर हे आणखीच खरे. म्हणजे प्रत्यक्ष चढ चालू असताना इंजिनाला बांधलेला पंखा भरपूर हवा देतो. ज्यांनी ही गाडी आखली त्यांच्यासमोर याच वाटा होत्या. हा पंखा कमी पडतो तो कोंडीत, आणि शक्ती वाया घालवतो तो महामार्गावर.

विजेचा पंखा कसा आला?

भारतात विजेचा रेडिएटर पंखा घरोघरी पोहोचला तो १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मोटारीबरोबर. तिचे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन आडवे बसवलेले होते. इंजिनाचा दांडा समोरच्या रेडिएटरकडे नव्हे, तर चाकाकडे तोंड करून होता. पट्ट्यावरचा पंखा लावला असता तर त्याने चाकाच्या बाजूला हवा फेकली असती. त्यामुळे रेडिएटरमागे स्वतंत्र मोटर लावणे हाच सोयीचा मार्ग होता. इंधनाची बचत आणि शांत चाल हे त्याचे पुढचे फायदे.

जीपमध्ये इंजिन उभे असते आणि तिथे अशी अडचण नाही. म्हणून जीपला विजेचा पंखा बसवताना “नव्या गाड्यांत असतो म्हणून” हे कारण पुरेसे नाही. खरे कारण हे की विजेचा पंखा इंजिनाच्या वेगावर अवलंबून नसतो. तो तापमानावर चालवता येतो.

तापमानाचा पहारेकरी

इंजिनात तापमानावर लक्ष ठेवणारी दोन साधने असतात. त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

पहिले म्हणजे थर्मोस्टॅटची झडप. तिच्यात मेणाने भरलेली छोटी डबी असते. ठरावीक तापमानाला, उदाहरणार्थ ८२ अंशांना, मेण वितळू लागते, फुगते आणि झडप उघडते. तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरते, रेडिएटरकडे जात नाही. त्यामुळे थंडीतल्या सकाळी इंजिन लवकर गरम होते. गरम होणेही आवश्यक आहे. थंड इंजिनात इंधन नीट जळत नाही आणि झीज वाढते. थंडीत काही चालक रेडिएटरपुढे पुठ्ठा किंवा गोणपाट लावतात तो याचसाठी.

दुसरे साधन म्हणजे पंख्याचा स्विच. तो एका तापमानाला लागतो आणि त्याहून कमी तापमानाला तुटतो. समजा ९२ अंशांना चालू आणि ८७ अंशांना बंद. हे पाच अंशांचे अंतर मुद्दाम ठेवलेले असते. ते नसते तर पंखा दर दोन सेकंदांनी चालू-बंद होत राहिला असता आणि स्विचचे टोक जळून गेले असते. इस्त्री आणि फ्रिज यांतही असेच अंतर असते.

स्विच निवडताना दोन काळज्या घ्याव्या लागतात. स्विच बंद होण्याचे तापमान थर्मोस्टॅट उघडण्याच्या तापमानापेक्षा जास्त हवे. समजा, स्विच ७८ अंशांना बंद होणारा आहे आणि थर्मोस्टॅट पाणी ८२ अंशांच्या खाली उतरू देत नाही. मग इंजिनाजवळ लावलेला हा स्विच कधीच तुटणार नाही आणि पंखा दिवसभर फिरत राहील. दुसरी काळजी जागेची. इंजिनातून बाहेर पडणारे पाणी गरम असते आणि रेडिएटरच्या तळाचे पाणी निवलेले असते. एका जागेसाठी बनवलेला स्विच दुसऱ्या जागी लावला तर तो उशिरा तरी लागेल किंवा लवकर तरी.

हवा ओढायची की ढकलायची?

पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला बसवला तर तो हवा ओढतो. पुढे बसवला तर ढकलतो. जागा असेल तर मागे बसवणे बरे, कारण पुढे बसवलेली मोटर आणि पाती समोरून येणाऱ्या हवेच्या वाटेत उभी राहतात. काही जण ओढणारा पंखा पुढे बसवून मोटरच्या दोन तारा उलट जोडतात. मोटर उलटी फिरते हे खरे, पण पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी दिलेला असतो. उलट्या दिशेने ती बरीच कमी हवा देतात.

पंखा गोल आणि रेडिएटर चौकोनी असतो. पंख्याभोवती पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण नसेल तर पंख्यासमोरच्या भागातूनच हवा जाते आणि कोपरे तापलेले राहतात. शिवाय मागची गरम हवा कडेने फिरून पुन्हा पुढे येते. आवरण संपूर्ण जाळीतून हवा खेचते. पंखा लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीवर बसवावा. रेडिएटरच्या पातळ पाकळ्यांतून प्लॅस्टिकचे बंद ओवून पंखा टांगला तर हादऱ्यांनी नळ्या घासतात आणि काही महिन्यांत गळती सुरू होते.

दिशा तपासण्याची युक्ती सोपी आहे. पंखा चालू करून रेडिएटरच्या पुढे कागद धरा. तो जाळीला चिकटून राहिला तर हवा योग्य दिशेने जात आहे.

पंख्याच्या आकाराबाबत सावध असावे. जुन्या बाजारात लहान मोटारीचा पंखा स्वस्तात मिळतो. पण तो ८०० घन सेंटिमीटरच्या इंजिनासाठी आखलेला असतो. जीपचे डिझेल इंजिन दोन ते अडीच लिटरचे, म्हणजे अडीच-तीनपट मोठे आहे. पंख्याच्या खोक्यावरचा हवेचा आकडाही बहुधा मोकळ्या हवेत मोजलेला असतो. दाट जाळीमागे तो बराच उतरतो. आपल्याला ताशी १६०० घनमीटर जाळीतून हवे आहेत, हे विसरू नये. एका मोठ्या पंख्याऐवजी दोन मध्यम पंखे बसवणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. चौकोनी रेडिएटर त्यांनी अधिक झाकला जातो, आणि एक बंद पडला तरी दुसरा गाडी हळूहळू घरी नेतो. अर्थात दोघांचे फ्यूज आणि रिले वेगवेगळे असतील तरच.

वीज कोठून आणणार?

आता विद्युतधारेचा हिशेब. समजा, दोन पंखे मिळून १२ व्होल्टला २० अँपिअर घेतात, म्हणजे २४० वॅट. पावसाळ्यातल्या रात्री दिवे, वायपर आणि इतर उपकरणे मिळून आणखी १५ अँपिअर लागतात. एकूण ३५ अँपिअर.

जुन्या गाडीत डायनामो असेल तर तो भरवेगात २० ते २५ अँपिअर देतो आणि इंजिन मंद फिरताना जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे ज्या कोंडीत पंख्याची सर्वांत जास्त गरज, तिथे सगळा भार बॅटरीवर. ६० अँपिअर-तासांची, पूर्ण भरलेली नवी बॅटरी ३५ अँपिअरने कागदावर पावणेदोन तास टिकेल. जुनी, अर्धवट भरलेली तासभरही नाही. त्यानंतर बंद झालेले इंजिन पुन्हा सुरू करायला स्टार्टरला वीज उरणार नाही. महायुद्धकाळातल्या मूळ जीपची विद्युतव्यवस्था तर ६ व्होल्टची होती. त्याच शक्तीसाठी तिथे दुप्पट धारा लागते. म्हणून डायनामो असलेल्या गाडीत आधी चांगला अल्टरनेटर, मग विजेचा पंखा, हाच क्रम.

विजेचा पंखा “फुकट” चालत नाही हेही विद्यार्थ्यांना सांगावे. अल्टरनेटरलाही इंजिनच फिरवते. तो दिलेल्या शक्तीपैकी साधारण ५५ ते ६० टक्के शक्तीची वीज करतो. म्हणजे २४० वॅटच्या पंख्यासाठी इंजिनाकडून ४०० वॅटहून अधिक घेतले जातात. बचत होते ती पंखा बंद असतो तेव्हा.

तार, रिले आणि फ्यूज

बॅटरीपासून पंख्यापर्यंत जाण्या-येण्याची मिळून सहा मीटर तांब्याची तार आहे. तारेचे छेदक्षेत्र १.५ चौरस मिलिमीटर असेल तर तिचा रोध सुमारे ०.०६८ ओहम येतो. २० अँपिअर धारेला १.३६ व्होल्ट तारेतच संपतात आणि २७ वॅट उष्णता तारेत निर्माण होते. पंख्याला १२ ऐवजी १०.६ व्होल्ट मिळतात. त्याचा वेग आणि हवा दोन्ही घटतात. हीच तार ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट फक्त ०.३४ व्होल्ट. गाडीचा सांगाडा परतीची तार म्हणून वापरला असेल तर अर्थची जागा गंज खरवडून स्वच्छ केलेली हवी.

एवढी धारा तापमानाच्या नाजूक स्विचमधून नेऊ नये. त्यासाठी रिले असतो. स्विचमधून रिलेच्या वेटोळ्याला अँपिअरच्या पाचव्या भागाइतकी धारा जाते, वेटोळे लोहचुंबक होते आणि ते जाड टोके जोडते. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येकपट धारा घेते, कारण ती फिरत नसल्यामुळे तिच्यात विरोधी विद्युतदाब निर्माण झालेला नसतो. रिले आणि फ्यूज यांची क्षमता हा धक्का सोसणारी असावी. फ्यूज बॅटरीजवळच बसवावा. तो मोटरसाठी नव्हे, तर तारेसाठी असतो. तार कुठे घासून सांगाड्याला टेकली तर आग लागण्यापूर्वी फ्यूज वितळला पाहिजे.

इथे एका धोक्याची सूचना. काही जोडण्यांत इंजिन बंद केल्यावरही, पाणी तापलेले असेल तर पंखा एकाएकी सुरू होतो. बॉनेट उघडून पंख्याजवळ हात घालण्यापूर्वी त्याची वीज तोडली पाहिजे.

आधी रोगाचे निदान

गाडी तापते म्हणजे पंखाच कमी पडतो, असे नाही. बोअरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे घातले असेल तर आत क्षारांचा थर बसतो. घरातल्या बंबात किंवा गिझरमध्ये बसतो तसाच. क्षार उष्णतेचा फार मंद वाहक आहे. एक मिलिमीटर थर हा काही सेंटिमीटर जाड लोखंडाइतका अडथळा करू शकतो. अशा रेडिएटरवर चार पंखे लावले तरी फरक थोडाच पडेल. सैल पट्टा, अडकलेला थर्मोस्टॅट, चिखलाने आणि गवताच्या बियांनी भरलेली जाळी, बिघडलेले झाकण ही कारणे आधी तपासावीत. त्यांवरचा खर्च पंख्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.

झाकणाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. ते पाण्यावर दाब धरून ठेवते. वातावरणापेक्षा अर्ध्याने जास्त दाब असेल तर पाणी सुमारे १११ अंशांना उकळते. लोणावळ्याच्या उंचीवर, मोकळ्या हवेत, ते ९८ अंशांनाच उकळते. आता पाणी १०८ अंशांना आहे आणि कोणी झाकण उघडले. दाब एकदम उतरतो आणि पाण्याला १० अंश खाली यावेच लागते. ती उष्णता वाफ करण्यात जाते. दहा लिटरांपैकी सुमारे १९० मिलिलिटर पाण्याची वाफ होते. पण त्या वाफेचे आकारमान ३०० लिटर भरते! हीच वाफ उकळते पाणी घेऊन तोंडावर येते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये हा नियम प्रत्येक विद्यार्थ्याला कारणासह माहीत असावा. इंजिन निवेपर्यंत अर्धा तास थांबावे, हाच उपाय.

ओढा ओलांडताना

जीप पाण्यातूनही नेली जाते. पाणी पंख्यापर्यंत आले तर इंजिनाला बांधलेला पंखा जहाजाच्या मळसूत्रासारखा वागतो. हवेपेक्षा पाणी सुमारे आठशेपट घन. पाती पुढे वाकून रेडिएटरला भोके पाडू शकतात. म्हणून खोल पाण्यात शिरण्यापूर्वी पट्टा उतरवून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. विजेच्या पंख्याला चालकापुढे एक बटण दिले की काम भागते. मात्र पलीकडे गेल्यावर ते पुन्हा चालू करायला विसरू नये. नाही तर ती सव्वादोन मिनिटे सुरू होतात!

मग निर्णय काय?

सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना अशा जीपला सुमारे १४ किलोवॅट लागतात. इंजिन २५०० फेऱ्यांवर असेल तर घनाच्या नियमाने बांधलेला पंखा ०.९ किलोवॅटच्या आसपास घेतो. म्हणजे फार तर सहा टक्के शक्ती वाचेल. रोज लांब पल्ल्याच्या सपाट रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला ही बचत मोलाची आहे. वाडीवस्तीवर पाच-सात किलोमीटरच्या खेपा करणाऱ्या गाडीला नगण्य. आणि दिवसभर घाटात किंवा शेतात खालच्या गिअरवर राबणाऱ्या गाडीला जुना पंखाच अधिक भरवशाचा. शहरातल्या कोंडीत अडकणाऱ्या गाडीला मात्र विजेचा पंखा खरोखर उपकारक ठरतो.

बिघाडाची रीतही पाहिली पाहिजे. पट्टा सैल झाला तर तो किंचाळतो. तुटला तर चार्जिंगचा दिवा लागतो. फ्यूज मात्र मुकाट्याने जातो. तेव्हा विजेचा पंखा बसवलेल्या गाडीत तापमानाचा काटा चालू असणे, पंखा चालू असल्याचे दाखवणारा दिवा समोर असणे आणि जादा फ्यूज जवळ असणे या तीन गोष्टींना पर्याय नाही. जुना पंखा भंगारात देऊ नये. तो आणि त्याचे बोल्ट गाडीतच ठेवावेत. अडचणीच्या वेळी पान्याने तो परत चढवता येतो.

वर्गात करून पाहा

१. खेळण्यातली छोटी मोटर घेऊन तिला पाती लावा. १.५, ३ आणि ४.५ व्होल्टला धारा मोजा आणि वॅट काढा. व्होल्ट दुप्पट केल्यावर शक्ती नेमकी किती पट होते? ती दुपटीपेक्षा पुष्कळ जास्त, पण आठपटीहून कमी आली तर बेअरिंग आणि ब्रश यांच्या घर्षणाचा त्यात किती हात असेल, यावर चर्चा घ्या.

२. मोटरच्या तारा उलट जोडा. टांगलेला कागद दोन्ही दिशांना सारखाच हलतो का?

३. मोटर गॅल्व्हानोमीटरला जोडून पात्यांवर फुंकर मारा. काटा हलेल. महामार्गावर बंद असलेला विजेचा पंखा वाऱ्याने फिरतो तेव्हा काय घडत असेल?

४. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये ७० अंशांचे थोडे पाणी घ्या, तोंड रबराच्या तुकड्याने बंद करून दट्ट्या ओढा. पाणी उकळू लागेल. रेडिएटरच्या झाकणाशी याचा संबंध विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्या.

५. जवळच्या गॅरेजमध्ये एखादी जुनी जीप असेल तर मिस्त्रींना विचारून रेडिएटरची लांबी-रुंदी, थर्मोस्टॅटवरचा अंशांचा आकडा, अल्टरनेटरची क्षमता आणि तारेची जाडी नोंदवून आणा. त्या आकड्यांवरून या लेखातला हिशेब पुन्हा मांडा. त्या गाडीला विजेचा पंखा बसवावा की नाही, हे उत्तर मग विद्यार्थ्यांनी द्यावे.